नावाची बाजू

गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि आईचा डबा खिडकीच्या गजांतून आत येईना. तिने उभा धरला, आडवा धरला, तिरका धरला. शेवटी अण्णा, माझा थोरला भाऊ, तो घेऊन दाराकडे पळाला, गर्दीतून माझ्या मांडीवर आणून आदळला आणि हलत्या गाडीतून उतरला. पितळी, कडीचा डबा. अंगावर नाव घातलेलं: सौ. द्वारकाबाई, लष्कर. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरातली आमची वस्ती. आत खव्याच्या करंज्या. प्लॅटफॉर्मवरून आई ओरडत होती, "डबा रिकामा नको पाठवू परत! आणि रडते कशाला? भोपाळ काय विलायत आहे?"

विलायत असती तर बरं झालं असतं. विलायतेला गेलेल्या माणसाबद्दल लोकांना निदान काहीतरी वाटतं. आम्ही तर कुठे गेलोच नव्हतो. आमची कचेरी गेली आणि तिच्या फायलींमागून आम्ही गेलो. हे ग्वाल्हेरच्या मोती महालात, म्हणजे सचिवालयात, कारकून होते. मध्य भारत मोडून मोठं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेर, इंदूर, रीवा, नागपूर अशा चार दिशांची बिऱ्हाडं एकसारख्या क्वार्टरांमध्ये येऊन पडली. दोन घरांत एक भिंत, एक नळ. लष्करात मला कोणी कधी विचारलं नव्हतं की तुम्ही कुठले मराठी. भोपाळात पहिला प्रश्न तोच.

हे मी लष्करात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या फायलींमागून गेलेल्यांसाठीही. पण खरं सांगायचं तर वहिनीसाठी आणि तिच्या सुमनसाठी. तुम्हा दोघींना एक गोष्ट सांगायची वीस वर्षं राहून गेली आहे. राहून गेली म्हणणंही खोटंच. मी ती राहू दिली.

त्या दिवसांत आमच्या घरात एकच विषय होता, यादी. चार राज्यांचे नोकर एका राज्यात ओतले म्हणजे कोण वर, कोण खाली, हे कुणीतरी ठरवायला हवं. ती ज्येष्ठतेची यादी. रोज संध्याकाळी हे जेवायला बसले की नवी बातमी. आज म्हणे नागपूरच्यांची पूर्ण नोकरी धरणार, आज म्हणे आपली अर्धीच धरणार. वरण गार व्हायचं. बारा वर्षं नोकरी केलेला माणूस, पण यादीत आपण नक्की कुठे आहोत हे त्याला माहीत नाही. अशा माणसाच्या शेजारी राहायला फार धीर लागतो. माझ्याकडे तो नव्हता.

मराठी बायकांनी मिळून एक मंडळ काढलं. पहिल्याच वर्षी ठरलं की संक्रांतीच्या सुमाराला आनंदमेळा करायचा, घरी केलेले पदार्थ विकायचे आणि त्यातून मुलांचं वाचनालय उभं करायचं. अध्यक्ष मुळेबाई. नागपूरच्या. त्यांचे यजमान ह्यांच्या खात्यातले मोठे साहेब. माझं अक्षर बरं, म्हणून पदार्थांची यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरात एक यादी, बाहेर दुसरी.

मी आईला कळवलं. ओळखीचं कुणी भोपाळला येत होतं, त्यांच्या हाती आठ दिवसांत करंज्यांनी भरलेला डबा आला. (मी आधी लाडू घालून परत पाठवला होता, तोच.) सोबत चिठ्ठी: "खवा लाल होईस्तोवर भाजला आहे, फिकीर नको. चारोळी जास्त घातली आहे. लोकांना आवडल्या तर बोल, अजून करून पाठवते."

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे करंजी म्हणजे खव्याचीच. लष्करात नारळ देवापुढे फोडण्यापुरता, त्याचं सारण करून उधळायची चैन कुणाला? खवा हवा तेवढा, चांगला आणि ताजा. सगळ्या आळीत अशीच करंजी. ती कुणाला करंजी वाटणार नाही, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नमुने बघायला मुळेबाईंच्या बंगल्यावर बोलावलं होतं. निघताना हे म्हणाले, "मुळेबाईंकडे जरा सांभाळून बोल. यादी अजून कच्ची आहे."

बैठकीत राज्याचं एकीकरण परत पहिल्यापासून चाललं होतं. इंदूरच्या बाई म्हणत होत्या शेव नसेल तर मेळ्याला कोण येणार, नागपूरच्या म्हणत होत्या चिरोटे आणि अनारसे हवेतच, आणि कुणाचा चिवडा खरा यावरून दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. शेवटी मुळेबाईंनी नियम घातला. पदार्थ घरचा हवा, खपेल असा हवा आणि मराठी हवा. मग मी डब्याची कडी काढली.

मुळेबाईंनी करंजी मोडली. आत बघितलं.

"अगं बाई! ही तर हिंदी लोकांची गुजिया! करंजी म्हणून काय दाखवून राहिलात तुम्ही?"

सगळ्या हसल्या. त्या रंगात आल्या. "ग्वाल्हेरच्यांचं असंच नं. बोलायला सुरुवात करतात मराठीत, मधेच हिंदी निघते. करंजीचंही तसंच. वरून मराठी, आतून हिंदी!"

पुन्हा हसल्या. मीही हसले. हे लिहिताना हात अडतो, पण हसले. 'दाखवून राहिलात' हे त्यांचं मराठी तरी कुठलं, असं त्यांना विचारायला हवं होतं. ते मला रात्रभर सुचत राहिलं, पण तिथे नाही.

"केल्या कोणी?" मुळेबाईंनी विचारलं. सहजच विचारलं असेल.

डबा माझ्या पुढ्यात होता. नावाची बाजू त्यांच्याकडे होती. मी तो सरकवल्यासारखं केलं आणि हळूच फिरवला. नाव माझ्या पोटाकडे आलं.

"आमच्या शेजारी मिश्राभाभी आहेत, रीव्याच्या," मी म्हटलं. "त्यांनी दिल्या. म्हटलं, दाखवून बघावं."

"तरीच! मी म्हटलं, आपल्या बायका असं कशाला करतील. लिहा, करंजी, ओल्या नारळाची. ती मीच करीन."

आणि मी लिहिलं. वर माझ्याच अक्षरात 'करंजी, खव्याची' असं होतं, त्यावर रेघ मारली. रेघही सरळ आली. माझं अक्षर चांगलं ना.

उरलेल्या करंज्या खरोखरच मिश्राभाभींना दिल्या. खोटं थोडं खरं झालं तर बरं, असं काहीतरी मनात असावं. त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली, "बहनजी, आपकी माताजी के हाथ में तो जादू है। अब दुबारा कब भेजेंगी?" एवढं कौतुक ऐकून माझा जळफळाट झाला. ज्यांनी म्हणायला हवं होतं त्यांनी नाही म्हटलं आणि ही बाई भिंतीपलीकडून म्हणतेय.

डबा परत पाठवताना बेसनाचे लाडू भरले आणि वर चिठ्ठी ठेवली: "तुझ्या करंज्या हातोहात संपल्या." रिकामा डबा पाठवायचा नाही, हे मी पाळलं. खोटं भरून पाठवलं.

मला वाटलं, एकदाचं झालं. पण आईचा स्वभाव मी विसरले होते. दुसऱ्या वर्षी डबा आला आणि वरून एक पिशवीही. अण्णाने लिहिलं, आई बाड्यावर, आपल्या बाजारच्या चौकात, भेटेल त्याला थांबवून सांगते की भोपाळला राजधानीत माझ्या करंज्यांचा स्टॉल लागतो. तुम्ही सगळे हसलात, पण तुम्हालाही बरं वाटलंच असेल. राजधानी गेली ती गेली, निदान आपली करंजी तिथे पोचली. आता मी काय कळवणार होते? "संपल्या," असं कळवलं. मेळ्यात मी मुळेबाईंच्या नारळाच्या करंज्या कागदात बांधून देत होते आणि घरी पलंगाखाली आईचा डबा.

त्याच उन्हाळ्यात माझ्या बाळंतपणाला आई आली. तीन महिने मला एकच धास्ती. कुणी काही बोललं तर? पण मुळेबाई नागपूरला गेल्या होत्या आणि मिश्राभाभींना मेळ्याचं काही ठाऊक नव्हतं. आईचं आणि भाभींचं मात्र फार जमलं. ओसरीवर शेगडी घेऊन बसायच्या. आईची हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेली. "खवा और भाजो, भाभी. कच्चा रह गया तो आठ दिन में वास मारता है. और मुरड बारीक, बारीक घालो." भाभी सगळं नीट शिकल्या. मी आत पडून ऐकत होते. मला उठून बसता येत होतं, शिकता आलं असतं. पण त्या करंजीचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती. आई जाताना म्हणाली, "तू कधी शिकणार ग? भाभींनी हात बसवला."

तिसऱ्या वर्षी मी वैतागले. आईवर, हे लिहायला हवं. ही बाई थांबत का नाही? म्हणून मी एक युक्ती केली. लिहिलं की इथे लोकांना आता ओल्या नारळाची आवडते. वाटलं, लष्करात एवढे नारळ कुठून आणणार, आपोआप थांबेल.

ती थांबली नाही. वहिनी, तुला आठवत असेल, तू तिच्याबरोबर बाड्यावरच्या पूजेच्या सामानाच्या दुकानांतून नारळ गोळा करत फिरलीस. डबा उघडला तर वास आला. ओल्या नारळाचं सारण, करून तीन-चार दिवस झालेले. सगळ्या मागच्या नाल्याकाठी नेऊन टाकल्या, आणि चिठ्ठीत लिहिलं, "या तर पहिल्यापेक्षाही जास्त आवडल्या."

यादी शेवटी पक्की झाली. ह्यांचा नंबर जिथे भीती होती त्याच्याही खाली आला. पुढे बोलता बोलता कळलं की मुळेसाहेबांचा त्या यादीशी काडीचाही संबंध नव्हता. ते दुसऱ्याच विभागाचं काम होतं. मुळेबाईंना तर ती काय असते हेही धड माहीत नसावं. मी आईचं नाव फिरवलं ते कशासाठी? कुणीच मागितलेलं नव्हतं. मुळेबाईंवर मी वर्षानुवर्षं राग धरला, पण त्यांनी फक्त थट्टा केली होती. डबा मी फिरवला.

आईने पुढे खोबरं भाजून घालायची तोड काढली, टिकावं म्हणून. दर वर्षी डबा येत राहिला, हात थरथरायला लागल्यावरही. मुरड जाड होत गेली, मग वाकडी, मग नुसती दाबलेली. शेवटचा डबा आला त्याच वर्षी उन्हाळ्यात ती गेली. म्हणून तो डबा माझ्याकडेच राहिला. तो परत कुणाकडे पाठवायचा, हे मला ठरवता आलं नाही.

गेल्या दिवाळीत मी ग्वाल्हेरला आले. अण्णा आता दर्पण कॉलनीत राहतो, स्वतःच्या घरात. सुमनने ताटली पुढे केली. "आत्या, लो, भोपाळवाली करंजी! आजीची. तुम्हाला तर हीच पसंद आहे ना?"

आत नारळ होता.

मी विचारलं, खव्याची नाही केली? वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, ती केव्हाच बंद झाली, मी शिकायच्या आतच. आई म्हणायच्या, राजधानीत आता हीच चालते, खव्याची जुनी झाली. मग कोण करत बसतंय?" सुमन म्हणाली, "खव्याची तर गुजिया असते, आत्या. वो तो होली पर बनती है।"

मुळेबाईंचं वाक्य मी माझ्या भाचीच्या तोंडून ऐकलं. वीस वर्षांनी, आईच्या फोटोखाली बसून. ते ग्वाल्हेरला पोचवलं कुणी? मी. चिठ्ठी चिठ्ठी करून.

मी ती करंजी खाल्ली. चांगली होती. "छान झाली आहे," असं म्हटलं. म्हणजे तिथेही बोलले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तर वहिनी, सुमन, ऐका. तुम्ही करता ती करंजी भोपाळची नाही आणि आपलीही नाही. ती माझ्या खोट्यातून तुमच्या स्वयंपाकघरात आली. आईची एकही करंजी कधी त्या मेळ्यात विकली गेली नाही. आळीत जे लोक अजून ती गोष्ट सांगत असतील त्यांनाही सांगा. मला लाज वाटेल, वाटू दे.

लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं वाटतं? मी ग्वाल्हेर म्हणायचे. आता म्हणताना जीभ अडखळते. तिथे जे होतं ते मीच बदलून आले. आणि जे वाचलं ते माझ्या भिंतीपलीकडे आहे. आईच्या हातची करंजी आज या जगात एकट्या मिश्राभाभींना येते. त्या दिवशी मी बैठकीत सांगितलेलं खोटं असं खरं झालं आहे. माझ्या आईची चव हवी असेल तर मला वाटी घेऊन शेजारच्या हिंदी बाईंच्या दारात उभं राहावं लागतं.

परवा उभी राहिले. सगळं सांगितलं. भाभींनी माझ्या हातातली वाटी घेतली. मग म्हणाल्या, "माताजी सुनतीं तो पहले आपको दो सुनातीं।" आणि खवा भाजायला घेतला. या वेळी मी आत पडून राहिले नाही. पाटावर बसले. माझी मुरड अजून वाकडी येते.

हे कागद त्याच डब्यात ठेवते आहे, करंज्यांच्या वर. अर्ध्या भाभींच्या, अर्ध्या माझ्या, कुठल्या कुणाच्या ते बघताच कळेल. डबा चिंचेने घासला आहे, अक्षरं परत वाचता येतात. घरात ठेवाल तेव्हा नावाची बाजू बाहेर ठेवा. आणि डबा परत पाठवू नका.