सईबाईंचा गायनवर्ग

आवडी या तमिळ गावातल्या सरकारी हायस्कुलात सईबाई गाणं शिकवायला आल्या, तेव्हा वर्गात बसायला जागा पुरत नसे. कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेली ती शाळा तोवर दुमजली झाली होती. दहावीचे निकाल चांगले लागत, व्हॉलीबॉलचा संघ राज्यपातळीवर खेळून येई. सकाळी सईबाईंच्या मुली प्रार्थना गायला लागल्या की समोरचा चहावाला आपणहून रेडिओ बंद करायचा.

मग इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस गल्लीगल्लीत येऊ लागल्या. मुलं कमी होत गेली. ड्रिलमास्तरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. अभिमानानं सांगण्यासारखा उरला फक्त गायनवर्ग.

आणि त्यातच सईबाईंना वरचे स्वर ऐकू येईनासे झाले. गाण्याला आधारस्वर धरणारी श्रुतीपेटीच बिघडली असं वाटून त्यांनी ती दुरुस्तीला नेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "अम्मा, पेटी चांगली आहे." मग त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"यंत्र लावलंत तर बोलणं बरंचसं कळेल," डॉक्टर म्हणाले. "गाण्याचं मात्र मी सांगू शकत नाही."

शाळेत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. केसांआड यंत्र लपवून, मुलींच्या ओठांकडे आणि गळ्याच्या शिरांकडे बघत त्या शिकवत राहिल्या. मुख्याध्यापक शेषाद्रीराव सईबाईंसारखेच तंजावरकडच्या मराठी घरातले, त्यांच्याशी घरच्या मराठीत बोलत. एक दिवस ते म्हणाले, "अक्का, जिल्हा स्पर्धेत नंबर आला तर गाण्याचा वर्ग ठेवा म्हणून मी वर सांगू शकेन. नाहीतर कठीण आहे."

स्पर्धा शहरात, टी. नगरच्या एका सभागृहात होती. आठवीतली भव्या मुख्य गाणारी. श्रुतीपेटीचा स्वर सईबाईंनीच लावला. मंचावरच्या अंधुक उजेडात पट्टीचा खटका पुढे सरकून स्वर चढला, हे त्यांना कळलं नाही. वरच्या पट्टीत मुलींचे आवाज फाटू लागले. सईबाई हसतमुखानं ताल देत होत्या. परीक्षकानं पेन खाली ठेवलं, मागे कुणीतरी हसलं. मग त्यांना दिसलं, भव्या गाता गाता रडत होती. त्यांचा हात थांबला.

परतीच्या बसमध्ये भव्या शेजारी येऊन बसली. "टीचर, थांबवलं का नाही आम्हाला?"

"मला गाणं ऐकू येत नाही, भव्या."

"कधीपासून?"

"तू वर्गात आलीस त्याच्या आधीपासून."

"म्हणजे माझा आवाज तुम्ही कधी..." ती उठून मागे मैत्रिणींजवळ जाऊन उभी राहिली.

शेषाद्रीराव रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं, असं सईबाईंना वाटलं. वर्ग बंद झाला. भव्याच्या वडिलांनी तिला दुसऱ्या शाळेत घातलं. पुढच्या जूनमध्ये उरलेली मुलं शेजारच्या शाळेत पाठवून हायस्कूललाच कुलूप लावलं. सईबाईंची मुलगी महालक्ष्मी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नोकरीला होती, तिच्याकडे त्या राहायला गेल्या.

एकदा सईबाई महालक्ष्मीबरोबर आवडी स्टेशनवर उभ्या असताना भव्या भेटली. गाडी फलाटाला लागत होती. भव्या वाकून काहीतरी बोलली. चाकांच्या खडखडाटात सईबाईंना एकही शब्द कळला नाही. त्या तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "छान. फार छान."

भव्या मागे सरली आणि गर्दीबरोबर गाडीत चढली.

"काय म्हणत होती गं?" सईबाईंनी विचारलं.

महालक्ष्मीनं गाडी जाऊ दिली. मग ती आईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अम्मा, तिनं गाणं सोडलंय."

सईबाई वळल्या तेव्हा फलाट रिकामा होता.