हेरंबला कोणी रागावलं नाही

सरलाबाईंचा स्वभाव तिखट. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन कराडहून चंडीगडला आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात घरमालकाला मोडक्यातोडक्या हिंदीत असं काही सुनावलं की तो दुसऱ्या दिवशी मुकाट्याने गिझर बसवून गेला. नवरा राजाभाऊ इथल्या मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. तो माणूस शांत, कारण घरात दुसऱ्या कोणाला तापायला जागाच नव्हती.

पण बाईंचा हा तिखटपणा खरा कामी आला तो हेरंबसाठी. हेरंब त्यांचा एकुलता एक, आता चोवीस वर्षांचा. जन्मापासून बुद्धीची वाढ सावकाश. मराठी सगळी समजते, बोलतो मात्र हिंदीत. एखादी गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागतो आणि एकदा शिरली की बाहेर काढायची कोणाची टाप नाही. त्याच्यावर कोणी आवाज चढवला की बाई पदर खोचून उभ्या. बसचा कंडक्टर, शेजारीण, शाळेतल्या मॅडम, कोणी म्हणून सुटलं नाही.

तर अशा ह्या हेरंबला आयटी पार्कमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. दिव्यांग मुलांना कामावर घ्यायची त्यांची योजना होती. काम पँट्रीतलं, म्हणजे मजल्यामजल्यावर चहा-कॉफीचे ट्रे न्यायचे आणि रिकामे कप गोळा करायचे. सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून पोरगा दारात तयार. तीन महिने एक दिवस चुकला नाही.

मग एका सोमवारी एचआरमधल्या नवनीत मॅडमचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला. "आंटीजी, गुड न्यूज है. हेरंब को अब आने की जरूरत नहीं. घर पे आराम करे. सॅलरी हर महीने आती रहेगी, पक्का. बस एक फॉर्म पे आपकी साइन चाहिए."

बाई "थँक यू" म्हणाल्या, फोन ठेवला, आणि आपण थँक यू कशाबद्दल म्हणालो हेच त्यांना उमगेना.

राजाभाऊ मात्र खूश. "अगं, असं कोण देतं आजकाल? सही करून टाक."

"अहो, पण तो दिवसभर करणार काय?"

"टीव्ही बघेल."

"मग पगार कशाचा?"

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," राजाभाऊ म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

खोट होती, पण दाखवता येईना. आजवर कसं सोपं होतं, कोणी वाईट वागलं की भांडायचं. इथे सगळेच चांगले वागत होते. गोड बोलत होते, पैसे देत होते. भांडायचं कोणाशी आणि कशावरून? भाजी चिरताना त्या दोनदा थांबल्या, वरणात मीठ दोनदा घातलं. मध्येच वाटे, आपणच कृतघ्न आहोत. मध्येच वाटे, आपल्या पोराला कोणीतरी हळूच उचलून बाहेर ठेवलंय आणि वर आपल्याकडूनच त्याची पावती मागतंय.

मंगळवारी हेरंब सातला दारात उभा. "आज छुट्टी आहे रे," बाई म्हणाल्या. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. शुक्रवारी तो शर्ट घालून आला आणि त्याने विचारलं, "आई, किसकी छुट्टी है?"

बाईंना खोटं बोलवेना. कंपनीने कुरिअरने पाठवलेला फॉर्म पर्समध्ये टाकला, हेरंबचा हात धरला आणि आयटी पार्कची बस पकडली. तिथे जाऊन काय बोलायचं, हे शेवटच्या स्टॉपपर्यंत काही सुचलं नाही.

पँट्रीचे मुख्य गुरमेल पाजी, म्हणजे पंजाबीत थोरले भाऊ. धिप्पाड माणूस, आवाज असा की वरच्या मजल्यावर ऐकू जावा. त्या वेळी ते एका पोऱ्यावर सांडलेल्या दुधावरून तोंडसुख घेत होते. हेरंबला पाहिलं आणि एकदम मऊ झाले. त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि बाईंना सगळं सांगितलं.

झालं होतं असं. हेरंब कोणालाच तिसरा चहा देत नव्हता. "बस, दो हो गए," म्हणायचा आणि ट्रे घेऊन पुढे. लोकांना आधी मजा वाटली. साहेब लोक हसत खाली टपरीवर जाऊन चहा प्यायचे. पण गेल्या आठवड्यात परदेशी पाहुणे आले, त्यांतल्या एकाच्या हातातून हेरंबने तिसरा कप काढून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला.

सरलाबाईंनी कपाळाला हात लावला. राजाभाऊंना साखर निघाली तेव्हा त्यांनीच हेरंबला पढवलं होतं, दोनच कप, तिसरा मागितला तरी द्यायचा नाही. राजाभाऊंवर पहारा म्हणून. पोराने तो सगळ्या जगाला लावला होता.

"तुम्ही त्याला सांगितलं नाही? रागावला नाहीत?" बाईंनी हिंदीत विचारलं.

"लो जी, ऐसे बच्चे को कौन डांटे," पाजी कानाला हात लावून म्हणाले. "पाप लगता है."

"आणि त्या दूध सांडणाऱ्या मुलाने कप ओतला असता तर?"

"उसकी तो मैं..." पाजी बोलता बोलता थांबले.

"मग यालाही तेच सांगा," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर. आत्ता."

हे आपल्या तोंडून कसं निघालं, बाईंना कळेना. पाजींनाही कळेना. त्यांनी हेरंबला आत बोलावलं आणि "देखो बेटा" अशी सुरुवात केली.

"बेटा नको. बाकीच्यांना बोलता तसं."

पाजींनी एकदा बाईंकडे पाहिलं, आणि मग सुटले. मेहमान के हाथ से कप छीनते हैं? तेरा घर है ये? जो मांगे, उसको देना है, तीसरा मांगे, चौथा मांगे, समझा? हेरंबचे डोळे भरले. बाईंनी पर्स घट्ट आवळून धरली. सगळं अंग म्हणत होतं, जा आणि ह्या माणसाची गचांडी धर.

हेरंब बराच वेळ विचार करत राहिला. बाहीने नाक पुसलं. मग म्हणाला, "बाबा को दो कप. यहाँ सबको, जितना मांगे."

"हां."

"तो पहले क्यों नहीं बोला?"

पाजींनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी खाली पाहिलं. मग पाजींनी भिंतीवरचा फोन उचलला, नवनीतला सांगितलं, लडका आज से काम पर है, जिम्मेवारी मेरी, आणि तिचं बोलणं संपायच्या आत ठेवूनही दिला.

"खडा क्या है?" ते हेरंबवर खेकसले. "तीन दिन की छुट्टी मार के आया है. ट्रे उठा."

हेरंबने रडत रडतच ट्रे उचलला आणि आईकडे न बघता लिफ्टकडे गेला.

बाई गेटबाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही रडू येत होतं. चोवीस वर्षं पोराला कोणाचं बोलणं लागू दिलं नव्हतं, आणि आज स्वतः समोर उभं राहून ऐकवलं. बरं केलं की वाईट, हे त्यांना सांगता आलं नसतं. डोळे पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही.