टाकीच्या पाण्याची बातमी

घरच्या ग्रुपवर तिचं नाव ‘कशावरून’ पडलं होतं. मावशीने कुठला तरी फोटो पुढे ढकलला किंवा थोरल्या काकांनी उद्यापासून बँका बंद असल्याची बातमी टाकली, की हिचा प्रश्न आलाच. कशावरून? मग ती मूळ फोटो हुडकून काढायची आणि तो भलत्याच देशातला, कुठल्या तरी जुन्या पुराचा आहे हे सगळ्यांना दाखवून द्यायची. काका वैतागून म्हणायचे, ही पोरगी मास्तरीण होणार, दुसरं काय होणार! आणि ती खरंच मास्तरीण होणार होती. प्रशिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं, घराजवळच्या शाळेत आठवीच्या वर्गावर सराव पाठ चालू होते. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, याचा तिला थोडा ताठाही होता.

वडील पाण्याच्या टाकीवर कामाला. पहाटे जाऊन पंप चालू करायचा, पाण्यात क्लोरीनची पावडर टाकायची, मग एकेका भागाचा व्हॉल्व्ह सोडायचा. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन जायची. टाकीची गंजकी शिडी, पंपघरातला दमट अंधार, नाकात चढणारा पावडरचा वास, सगळं तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

बातमी खरी की खोटी हे कसं ओळखावं, हा विषय तिने पाठासाठी आपणहून घेतला. एका कागदावर चार बातम्या छापायच्या, त्यातली एक तिने रचलेली. मुलांनी कागद घरी न्यायचा, मोठ्यांशी बोलायचं आणि खोटी कुठली ते शोधून यायचं. रचायला बसली तेव्हा तिला लांब जावं लागलं नाही. ‘टाकीच्या पाण्यात पहाटे नकली पावडर’ असा मथळा दिला, खाली शिडी घातली, वास घातला, नाव न सांगणारा एक कर्मचारी घातला. लिहिताना मजा आली. मार्गदर्शक बाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढला. “जरा जास्तच जमलंय गं,” त्या म्हणाल्या. “या बातमीवर आडवा शिक्का मार. काल्पनिक म्हणून.” शिक्का मारला तर मुलांनी ओळखायचं काय, असं म्हणून तिने त्यांना पटवलं. शेवटी, यातली एक बातमी काल्पनिक आहे, एवढी ओळ तळाशी बारीक अक्षरात टाकायची असं ठरलं.

पाठ झकास झाला. मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला.

आठवडा उलटायच्या आत मावशीने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. तो तिचाच कागद होता. तीन खऱ्या बातम्या कापलेल्या, तळाची ओळ कापलेली, आणि वर कोणीतरी लिहिलेलं, ‘आपल्या लेकरांसाठी तरी वाचा.’ आधी तिला हसूच आलं. मावशी, हे मीच लिहिलंय, वर्गासाठी, असं तिने कळवलं. मावशीने लगेच फोन केला. तिने तो फोटो शिवणक्लासच्या ग्रुपवर कधीच पाठवला होता, तिथून तो कुठे कुठे गेला हे तिला कुठून माहीत असणार? दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या आईने कागदाचा फोटो काढला होता, एवढं पुढे शाळेत कळलं. त्या बाईच्या मनात वाईट काही नव्हतं. ती घाबरली होती, इतकंच.

मग एक ऑडिओ फिरू लागला. पुरुषाचा थकलेला, शांत आवाज. मी टाकीवरच काम करतो, नाव सांगितलं तर पोटावर पाय येईल, असं म्हणून तो शिडीचं आणि वासाचं वर्णन करत होता. वाक्यं तिची होती. कोणीतरी ती स्वतःच्या आठवणीसारखी सांगत होतं, मध्येच आवंढा गिळत होतं. तिने तो ऑडिओ पुन्हा ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी फोटो आला. शिडीवर एक माणूस, पाठमोरा, खांद्यावर गोणी. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. तसे खोचणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

जेवताना तिने वडिलांना सगळं सांगितलं. आपण काय रचलं, ते कुठवर गेलं, सगळं. ते हसले, लोकांना चार दिवस चघळायला विषय लागतो म्हणाले. हात धुताना मात्र सहज बोलल्यासारखं बोलले, की हल्ली कुंपणापाशी कोणी ना कोणी उभं असतं. बोलत नाही. फोन तेवढा वर धरलेला असतो.

पुढे एका सकाळी वडिलांचा फोन लागेना, म्हणून ती टाकीकडे धावली. फाटकाशी गर्दी होती. पंपघराला आतून कडी होती. ती फाटकाच्या कठड्यावर चढली आणि हातातला मूळ कागद उंच धरून ओरडून सांगू लागली, की बातमी खोटी आहे, ती मी रचली आहे. पुढे औषधाच्या दुकानाचे मालक उभे होते. लहानपणी खोकला झाला की तेच तिला गोळ्या काढून द्यायचे.

“तू त्याचीच मुलगी ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग दुसरं काय सांगणार तू?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. मागून कोणीतरी म्हणालं, कागद काय, आज सकाळीही छापून आणता येतो. त्यांच्या जागी ती असती तर हेच म्हणाली असती.

खिडकीची काच फुटली ती त्यानंतर. पोलिसांनी वडिलांना बाहेर काढलं तेव्हा त्यांची भुवई फाटली होती, आणि ते शर्टाच्या बाहीने रक्त टिपत खाली बघत चालले होते.

पाणी तपासलं गेलं. स्वच्छ निघालं. अहवाल फाटकावर चिकटवला, तर लोकांनी त्याचाही फोटो काढून सहीभोवती लाल गोल काढले. वडिलांची बदली गोदामात झाली, पाइपांवर देखरेख करायला. टाकीवर परगावचा एक तरुण आला. पहिल्याच पहाटे त्याला कुंपणापाशी वर धरलेले फोन दिसले. पावडरची गोणी उचलायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोदामात नव्या गोण्यांची मागणीच येत नाही, हे वडिलांच्या ध्यानात आलं. ते साहेबांना सांगायला गेले. साहेब म्हणाले, तुम्ही आता त्यात पडू नका.

उलट्याजुलाब आधी खालच्या गल्लीत सुरू झाले, मग सगळीकडे. दवाखान्यात बसायला जागा उरली नाही. वर्गातली बाकं रिकामी होत गेली, दुसऱ्या बाकावरच्या मुलीला सलाईन लावावं लागलं. खालच्या गल्लीतले एक आजोबा गेले. गावभर एकच बोलणं होतं. बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

तिने मुख्याध्यापकांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, शेवटी एका वार्ताहराला गाठून सुरुवातीपासून सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं. छापून आलं ते कोपऱ्यात, चार ओळींत. मथळा होता, ‘टाकीची बातमी लिहिली होती कर्मचाऱ्याच्या मुलीनेच’. मथळ्याखालचं किती जणांनी वाचलं असेल, कोण जाणे.

त्याच संध्याकाळी रस्त्यात दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीची आई भेटली. मुलगी दवाखान्यातून घरी आली होती. त्या बाईने तिचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे भरून आले होते.

“वाचूनही आम्ही तेच पाणी पीत राहिलो. घरचा माणूस असूनही तू खरं लिहिलंस.”

“नाही हो काकू, ते खोटंच होतं. नंतर पावडर टाकायची बंद झाली म्हणून...”

“कळतं गं मला,” बाई हळूच म्हणाली. “वडिलांसाठी आता असं बोलावंच लागणार तुला.”

ती घरी आली तेव्हा वडील खिडकीशी बसले होते, फोन हातात. भुवईवरचे टाके निघाले होते, व्रण अजून लालच होता. घरच्या ग्रुपवर ते कात्रण येऊन पडलं होतं, खाली सगळ्यांनी काही ना काही लिहिलं होतं. त्यांनी फोन पालथा ठेवला.

“एक विचारू?” ते म्हणाले. “लिहायला बसलीस तेव्हा माझंच काम का आठवलं तुला? काही दिसलं होतं का माझ्या हातून?”

“नाही हो बाबा.”

त्यांनी मान हलवली. पण नजर काढली नाही. ही खरं बोलते आहे की आपल्याला सांभाळून घेते आहे, हे ताडत असल्यासारखे ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.