नळीची भेग

आमच्या ह्यांना फाटकं काही बघवत नाही. सदऱ्याचा खिसा उसवला तरी घर डोक्यावर घेतात. मोठे दीर गेले आणि त्यांनी शेडमध्ये स्वतः बांधलेलं विमान आमच्याकडे आलं. इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या रबरी नळीला मध्येच भेग होती. “दादा म्हणजे नुसता धांदरट!” म्हणत ह्यांनी नवी नळी बसवली आणि ती तापू नये म्हणून वर जाड कापड गुंडाळलं.

आज कडाक्याच्या थंडीत लेक ते विमान घेऊन उडाली. शेड झाडताना जुनी नळी माझ्या हाती लागली.

“अहो, ही फाटलेली नाही. कडा बघा, पॉलिश पेपरने घासल्यात.”

ह्यांनी नळीचं एक टोक तळव्याने दाबलं आणि दुसऱ्यातून फुंकलं. भेगेतून वारा माझ्या गालाला लागला.

“थंडीत नळीचं तोंड गोठलं, तर वाफ इथून जावी म्हणून...” ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “नाहीतर वाफ कोंडून इंजिनाचं सील फुटतं. सगळं तेल जातं, इंजिन बंद पडतं.”

“मग बोलवा तिला खाली!”

“कसं? रेडिओ कुठाय त्यात?”

विमान अजून डोक्यावरच घिरट्या घालत होतं. आम्ही बाहेर धावलो. हे दोन्ही हात हलवत होते, मी झाडू. घसा फुटेस्तोवर ओरडलो.

तिने आम्हाला पाहिलं. लाडात पंख हलवले, आणि आणखी वर गेली.