आईच्या सीटवरचा खोका

आमच्या पिकअपच्या दारांत कंपनीने दिलेले दोन स्पीकर होते. त्यांचा आवाज ऐकला की माझा नवरा म्हणायचा, हे गाणं नाही, सर्दी झालेला माणूस बोलून राह्यला. स्पीकरचा त्यात काय गुन्हा? गाडी घेतली तेव्हाच दोघांच्या हाताखालून आलेली. दारं खडखड, मागचा फाळका खडखड, समोरचा डॅशबोर्ड खडखड, अन् इंजिन तर मांडीवर घेऊन बसल्यासारखं. अशा गाडीत गोड गाणी ऐकायची हौस असलेल्या माणसाने लग्नच करू नये, असं माझं मत आहे.

गाडी आमच्या पोटाची. उन्हाळ्यात लग्नाची वऱ्हाडं, दिवाळीनंतर राइस मिलला धान, अन् पावसाळ्यात रोवणीच्या बाया. आमच्या गावातल्या बाया गुत्त्याने, म्हणजे ठोक मजुरी ठरवून, धान रोवायला सावली, मूल, सिंदेवाही या तालुक्यांतल्या गावांना जातात. गुत्ता ठरवते माझी सासू. शेतमालकाशी बोलणं तिचं, कोणती बांधी, म्हणजे कोणतं खाचर, आधी घ्यायची हे ठरवणं तिचं. सगळ्या तिला नुसतं ‘बाई’ म्हणतात, अन् बाई म्हटलं की गावात दुसरी कोणी वळून बघत नाही.

कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं. नवरा स्टेअरिंगला, त्याच्या बाजूच्या सीटवर सासू, कारण तिचा गुडघा गेलेला. बाकी आम्ही साऱ्या मागे उभ्या. मागच्यांनी समोरच्याशी बोलायचं ते केबिनच्या टिनावर थाप मारून. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. इकडे सगळ्याच गाड्यांचा हा कायदा आहे, तो कोणी कुठे लिहून ठेवलेला नाही. आमची थाप पडली की सासू आत म्हणायची, “थांब बाबू,” अन् गाडी थांबायची.

बिघाड सुरू झाला मार्कंड्याच्या जत्रेत. आम्ही माणसं भरायला उभे होतो. बाजूला दुसरी एक पिकअप, तिच्यात असा धडाधडा आवाज की जमीन हलावी. माणसं आमच्याकडे बघायची, तिच्याकडे बघायची अन् तिच्यात जाऊन बसायची. ती गाडी आमच्या आधी सुटणार होती म्हणून बसायची हे मला दिसत होतं. नवऱ्याला मात्र एकच कारण दिसलं. घरी येईपर्यंत त्याचा चेहरा पडलेला. मला वाटलं उपाशी असेल.

त्यानंतर मोबाइलवर एक परदेशी माणूस आमच्या घरी राहायला आला. रोज जेवताना तो हजर. गोरा, स्वच्छ हाताचा, ट्रकचं दार उघडून आतल्या पत्र्यावर चकचकीत चादर चिकटवणारा. ती लावली की पत्रा थरथरत नाही, बाहेरचा आवाज आत येत नाही अन् गाणं नितळ ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं. त्याची भाषा नवऱ्याला ओ की ठो कळत नव्हती, तरी हा मान हलवत राहायचा. माझ्या बोलण्यावर त्याने अशी मान कधी हलवली असती तर आज माझा मिक्सर दुरुस्त झाला असता.

ती चादर आपल्या ऐपतीची नाही हे त्याला लवकर कळलं, एवढी अक्कल होती. मग स्वस्तातले उपाय निघाले. चंद्रपूरच्या भंगारातून ठोकलेल्या कारचे स्पीकर आले. ते आमच्या दाराच्या भोकात बसेनात, मधे लाकडाचं कडं हवं. लाकूड कुठून आलं? माझ्या माहेरच्या पाटातून. मी शेण टाकायला गेले अन् आले तोवर पाटाची दोन कडी झाली होती. वर मलाच विचारतो, गोल चांगला आला ना? चादरीऐवजी त्याने छप्पर गळतं तेव्हा लावतात ती डांबराची चंदेरी पट्टी आणली. दुकानदाराने विचारलं, छप्पर केवढं आहे? हा म्हणाला, छप्पर नाही, दार आहे. दुकानदाराने म्हणे पैसे आधी मागून घेतले. पायाखाली खाणीत कोळसा वाहणाऱ्या, टाकून दिलेल्या पट्ट्याचं रबर आलं, ते उचलायला अर्धा मोहल्ला लागला. केबिनच्या टपाला अन् मागच्या टिनाला आतून पट्टीवर पट्टी, तिच्यावर बारदाना, त्याच्यावर जुन्या गादीतला फोम. दाराच्या तळाला कंपनीने बारीक भोकं ठेवली होती. कंपनीचा हलगर्जीपणा म्हणून याने तीही बुजवली.

परदेशी माणसाला आमच्याकडचा मे महिना माहीत नव्हता. दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की डांबर पाझरायला लागायचं. एक दिवस वरून थेंब पडला तो थेट सासूच्या खांद्यावर. लुगड्यावर काळा डाग, घासलेट लावून पसरला तेवढा. मी तोंड उघडणार तर तीच म्हणाली, हौस आहे पोराची, राहू दे. पोराची हौस! पोराच्या कानावरचे केस पांढरे झाले, अन् ही अजून त्याच्या हौसेला तीट लावून राह्यली.

पावसाळा लागला तेव्हा बुजवलेल्या भोकांचा अर्थ कळला. काचेवरून उतरलेलं पाणी दारात साचू लागलं. ब्रेक मारला की दारातून डुबुक आवाज यायचा. नवऱ्याने ती भोकं स्क्रू ड्रायव्हरने मोकळी केली तेव्हा गढूळ धार त्याच्याच पायावर पडली, अन् माझा जीव थोडा थंड झाला.

तरी त्याचं समाधान नाही. आवाज नितळ आहे, पण त्याला बेस नाही, म्हणे. मग आला बेसचा खोका. खोका एवढा मोठा की सीटच्या मागे मावेना, खाली मावेना. मावला कुठे तर आईच्या सीटवर. आईने चार दिवस मागे उभं राहावं, मग काहीतरी करतो, असं तो म्हणाला. सासूने हूं म्हटलं अन् मी रागाने लाल झाले. त्या सीटचा पट्टा इतक्या वर्षांत त्याने आईला कधी लावला नव्हता. खोक्याला लावला, पडू नये म्हणून.

मी त्याला सरळ विचारलं, मागून थाप मारली तर आता ऐकू येणार का? आधी आई सांगायची, ती जागा तर खोक्याला दिली. तो म्हणाला, चाल, चाचणी घेऊ. मला मागे उभं केलं, स्वतः आत बसला, काचा वर केल्या. मी थाप मारली. हा काच खाली करून अंगठा बाहेर काढतो. गाडी अंगणात उभी, इंजिन बंद, टेप बंद. अशी चाचणी! मी म्हटलं, अहो, गाडी अशीच ढकलत न्यायची का रोवणीला? तर म्हणाला, तुझं नेहमीचंच आहे.

मग एक दिवस आम्ही मूलकडची एक मोठी बांधी संपवून परत येत होतो. पाऊस थांबलेला, उजेड होता, पण जंगलात उजेड लवकर मरतो. मधला रस्ता दाट. तिथे वाघीण पिल्लं घेऊन फिरते हे वनविभागाच्या फलकावरही होतं अन् आम्ही तिचे पंजे चिखलात बघितलेही होते. पण दिवसभर चिखलात वाकलेल्या बायांना कुठेतरी आडोशाला उतरावं लागतंच. मी एक थाप मारली, मग दुसऱ्या दोघींनी मिळून मारली, अन् आत गाणं संपलं असावं, तेव्हा गाडी थांबली. आम्ही घोळक्याने उतरलो, घोळक्याने परत आलो. सासू शेवटी. तिचं उतरणं-चढणं गुडघ्याच्या मर्जीने चालायचं, म्हणून ती मागे राहायची अन् सगळ्या चढल्या की फाळक्याला धरून चढायची. मागे आल्यापासून दोन थापा मारायचं कामही तिचंच.

आम्ही चढलो. कोणीच टिनाला हात लावला नव्हता. अन् गाडी निघाली.

सासू झुडपातून रस्त्यावर येताना दिसली. तिने हात वर केला. मी टिनावर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारायला लागले. साऱ्या बाया तुटून पडल्या, कोणी मुठीने, कोणी डब्याने. गाडीचा वेग वाढतच होता. वळण आलं अन् सासू दिसेनाशी झाली. मोबाइल काढला तर नेटवर्क नाही. आत माझा नवरा, सासूचा एकुलता एक मुलगा, पाठ करून बसलेला, अन् मधे बारदाना, फोम अन् डांबर. काम इतकं पक्कं केलं होतं त्याने.

शेवटी मी केबिनवर पोट टाकून ओणवी झाले, छत्री उलटी धरली अन् तिच्या मुठीने समोरची काच बडवली. तेव्हा कुठे साहेबांनी ब्रेक मारला. आधी माझं डोकं टपावर आपटलं, मग मी खाली उतरले अन् त्याचं दार उघडलं. आतून गाण्याचा धबधबा अंगावर आला.

मी म्हटलं, “आई मागं राह्यली.”

तो हसला. खरंच हसला, कारण त्याला वाटलं मी भांडण उकरून काढते आहे. “मजाक करू नको. मले दोन थापा आयकू आल्या. आईच्याच होत्या.”

तेवढ्यात खोक्याने पुन्हा दोनदा धप्प केलं. गाण्यात तो ठेका फिरून फिरून येत होता. नवऱ्याने खोक्याकडे बघितलं, मग आरशात, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा पडलेला मी आधी पाहिला होता, पण असा नाही. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. त्या क्षणी तो मला नकोसा झाला होता, हे मी लपवत नाही.

रस्ता अरुंद, गाडी वळेना. टेप बंद करून, खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने उलटी गाडी हाकली. आम्ही मागून एकीमागून एक हाका देत होतो. वळणाच्या अलीकडे त्यालाच आधी ऐकू आलं. टण्, टण्, टण्. स्टीलवर दगड.

सासू झाडाखाली नव्हती, मोरीच्या कठड्यावर नव्हती. रस्त्याच्या अगदी मधोमध उभी होती, अन् एका हातात जेवणाचा डबा धरून दुसऱ्या हाताने त्याच्यावर दगड मारत होती. जनावराला माणूस आहे हे कळलं पाहिजे, एवढं तिला कोणी शिकवायला नको होतं. डबा पार चेपला होता. आम्ही उतरून तिला घेरलं तरी तिचा हात थांबेना. मी दगड काढून घेतला तेव्हा थांबला.

नवरा समोरच्या सीटकडे धावला, पट्टा सोडला, खोका दोन्ही हातांनी उपसला अन् रस्त्यावर ठेवला. मग आईसाठी दार धरून उभा राहिला. आजवर वऱ्हाडातल्या नवरदेवालाही त्याने असं दार धरलं नव्हतं.

सासू म्हणाली, “बसव त्याले परत. भिजंल तो. मी मागंच बसतो.”

“आई, बस ना समोर.”

“मागं हाक मारली तं आयकतात.” मग फाळक्याला धरून, एक पाय वर टाकून, ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. “बाबू, गाणं कोनतं लागलं होतं रे?”

तो खोका उचलायला वाकला. आम्हाला मागे एक सूरही ऐकू आला नव्हता, अन् दारात मला कळला तो नुसता ठेका, त्यामुळे आम्हीही सांगू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने केबिनच्या मागच्या टिनावरचं सगळं खरवडलं. फोम, बारदाना निघाला, डांबर निघेना. त्याची बोटं सोलली तेव्हा मी तेलाची बाटली तेवढी नेऊन ठेवली. खोका विकला. स्पीकर अजून दारात आहेत, माझ्या माहेरच्या पाटावर बसलेले, अन् आवाज चांगला येतो हे मलाही मान्य करावं लागतं.

पण आता सासू थापा मारत नाही, त्या मी मारते. सगळ्या चढल्या की ती गुडघा ओढत समोर येते अन् मुलाच्या खिडकीशी, त्याला दिसेल अशी उभी राहते. नवरा टेप बंद करतो, काच खाली करतो, तिच्याकडे बघतो अन् म्हणतो, “हो आई.” मग ती तशीच चालत मागे येते अन् आम्ही तिला वर ओढून घेतो. समोरची सीट रिकामीच जाते.