न चाखलेली पिंपे

इतिदालच्या ओळखपत्रावर एक जन्मवर्ष आहे आणि दवाखान्याच्या कागदावर दुसरे. तिला स्वतःला दोन्ही मान्य नाहीत. वादातीत आहे ते एवढेच, की नाईलच्या मुखाकडच्या त्या गावात बोई मासा खारवून फसीख करण्यात चाळीस वर्षे तिचा हात कोणी धरला नाही. पिंप उघडले की ती पाठीकडचा एक कण तोंडात टाकी. तो घशाखाली उतरला की निकाल देई: "विका", नाहीतर "पुरून टाका". बिघडलेल्या फसीखने माणूस दगावतो. तिच्या पिंपाने कोणी दगावले नव्हते.

घरोघरी फसीख खाण्याच्या वसंताच्या सणाला, शम्म अल-नसीमला, पाच आठवडे उरले असताना तिच्या यकृतात गाठ दिसली. सव्वीस मिलिमीटर. लहानपणी शाळेत जंतांवरचे औषध सगळ्या वर्गाला एकाच काचेच्या सिरिंजने टोचत आणि त्यातून काविळीचा विषाणू पसरे. त्या पिढीच्या यकृतांचे हे दुखणे गावाला नवे नव्हते. डॉक्टर नशवा यांनी तिच्या मुलाला, रिफअतला, बाजूला घेऊन सांगितले ते तिला मागाहून कळले. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत आहे तोवर सुईने जाळणे सोपे. पण ती मोठ्या शिरेला लागून आहे आणि वाहते रक्त सुईची उष्णता पळवते, म्हणून जितकी लहान तितके बरे. शिवाय पोटात पाणी साठते आहे. ते आधी उतरायला हवे, म्हणून गोळ्या घ्यायच्या आणि मीठ बंद.

मोठे दुखणे आईबापांपासून लपवायच्या तिथल्या मुलांच्या रीतीप्रमाणे रिफअतने आईला एवढेच सांगितले, "अम्मा, प्रेशर वाढलंय तुझं. मीठ सोड."

औषधवाल्याने प्रेशर मोजले. अगदी ठीक निघाले.

"प्रेशर तुझ्या डॉक्टरणीलाच असेल," ती म्हणाली. जेवणातले मीठ तिने तरीही सोडले. चाखणे मात्र तिच्या लेखी जेवण नव्हते. अठरा पिंपे होती आणि रोज दोन फेऱ्या होत.

तीन आठवड्यांनी पोट तटतटले होते. गाठ अठ्ठावीसवर गेली होती.

"हज्जा, जेवणात मीठ कोण घालतं?" डॉक्टरांनी तिला विचारले.

"कोणी नाही. सुनेच्या स्वयंपाकाला मांजरसुद्धा तोंड लावत नाही."

"मग हातांना हा वास कसला?"

"धंद्याचा. पिंपं चाखते मी. प्रेशरसाठी एवढी चौकशी?"

"प्रेशर आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

रिफअत भिंतीकडे पाहू लागला. मग डॉक्टरांनी तिला सगळे सांगितले.

"जाळणार कधी?"

"पाणी उतरलं की. सणानंतर बघू. गाठ तोवर थांबेल याची हमी मी देत नाही."

घरी येताना रिफअत पुटपुटला, "तू खचली असतीस, अम्मा."

"खचले नाही, गाढवा. फुगले."

सणाच्या आदल्या आठवड्यात गिऱ्हाईक दारात उभे राहिले. रिफअतने चाखून पाहिले. त्याला अठराही पिंपे सारखीच लागली.

"हज्जा, तू तोंड लावलंस का?" एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारले.

"नाही."

"मग लाव की. एक कण."

कण एकच होता, पण पिंपे अठरा होती. न चाखता विकले तर कोणाच्या तरी घरी मरण जाईल. चाखले तर पोटातले पाणी उतरणार नाही आणि तिच्या सुईचा दिवस लांबेल. तोंडाला पाणी सुटले. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, मग रिफअतला म्हणाली, "झाकणं लाव. यंदा एकही विकायचं नाही."

सणाच्या सकाळी गाव नदीकाठी जेवायला गेले. ती बंद पिंपांसमोर बसून राहिली. पोटातले पाणी उतरून कमरेची नाडी अर्धे बोट सैल झाली आहे, की आपल्याला नुसते तसे वाटते, हे तिला काही केल्या ठरवता येईना.