बेटावरच्या संचालक बाई

ती घटना आजही आठवते ती कपाटातल्या एका शालीमुळे. शाल ऊबदार आहे, पण अंगावर घेतली की आमची सौ. हसते, म्हणून घेत नाही.

तेव्हा मी पुण्यात आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. एक गृहप्रकल्प अर्धवट बंद पडला होता. त्याची मालकी समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावरच्या कंपनीकडे होती. पुण्यातला व्यवस्थापक नुसता सह्याजीराव, त्याला मालक फोनवरच माहीत. बेटाला पत्र लिहिलं की अत्यंत सभ्य उत्तर यायचं: गोपनीयता.

फ्लॅटधारकांत एक निवृत्त परिचारिका होत्या. भाड्याच्या खोलीत राहून बँकेचा हप्ताही भरत होत्या. दर सोमवारी येऊन बाकावर बसायच्या. "साहेब, माझ्या हयातीत घर मिळेल ना?" मी "मिळणार" म्हणायचो. कशाच्या जोरावर, देव जाणे.

फ्लॅटधारक समितीचे अध्यक्ष मात्र कामाचे गृहस्थ. कागद आणायचे, सोबत बाकरवडी. टीपही त्यांचीच. "साहेब, त्या कंपनीची संचालक बाई जर्मनीत कोलोनला राहते. तीच सूत्रधार. तिला धरा."

मी वरिष्ठांना लगेच सांगून टाकलं, सूत्रधार सापडली. मग न्यायालयाचं विनंतीपत्र, मंत्रालय, दूतावास, भाषांतरं. परवानगी येईपर्यंत पुतण्याचं लग्न होऊन त्याला मुलगाही झाला. निघताना समितीने सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो.

कोलोनला नियम असा की प्रश्न तिथल्या अधिकाऱ्याने विचारायचे, आपण मागे बसायचं. दुभाषी मूळची पुण्याची. संचालक बाई आल्या त्या घरचा केक घेऊन. जन्माने कोलोनच्या, लग्न करून बेटावर गेलेल्या, नवरा वारल्यावर परतलेल्या. मला राहवेना. "मालक कोण ते बोला म्हणावं," म्हणत मी टेबलावर हात आपटला.

"काका, टेबल त्यांचं आहे," दुभाषी हळूच म्हणाली. "आणि आवाज चढवलात तर ते चौकशी थांबवतील."

अधिकारी "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणाला आणि त्याने आपला कॉफीचा कप माझ्यापासून लांब सरकवला. मग विचारलं, किती कंपन्यांच्या संचालक आहात?

"आठवत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे बोटवाला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, सगळेच संचालक. मासे संपले, बटाट्यावर पोट भरेना, मग आम्ही नावं भाड्याने द्यायला लागलो. बेटावर माणसांहून कंपन्या जास्त. माझी बेकरीसुद्धा बैठकांवर चालायची."

"कसल्या बैठका?"

"कंपनी बेटाचीच हे दाखवायचं तर वर्षाची बैठक बेटावर घ्यावी लागते. तेव्हा खरे मालक येतात. केक खातात, आम्ही सह्या करतो, संध्याकाळच्या बोटीने ते जातात. ते नाव सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही."

माझं डोकं भणभणलं. एवढा खटाटोप करून सूत्रधार म्हणून कोण सापडलं, तर बेकरीवाली. वैतागून मी फोनमधला सत्काराचा फोटो पुढे केला. "यांना सांगा, ही माणसं घरासाठी थांबलीत. या कडेच्या बाई तर दर सोमवारी विचारतात, हयातीत घर मिळेल ना."

त्यांनी चष्मा लावला. परिचारिकाबाईंकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचं बोट फोटोच्या मध्यावर आलं. "हे यायचे की या कंपनीच्या बैठकीला. दरवेळी विचारायचे, केकमध्ये अंडं आहे का. यांच्यासाठी मी वेगळा करायची."

बोट मला शाल घालणाऱ्या अध्यक्षांवर होतं.

दुभाषीने भाषांतर केलं आणि स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं, "काका, तुम्ही जरा बसा." मी बसलेलोच होतो.

परतलो तेव्हा अध्यक्ष विमानतळावर हार घेऊन हजर. मी हार घालून घेतला, मग हवालदाराला खूण केली. त्यांच्या पासपोर्टवरचे शिक्के बैठकांच्या तारखांशी जुळले. स्वतःच फ्लॅट घेऊन ते समितीत शिरले होते. मला जर्मनीला का पिटाळलंत, विचारलं तर म्हणाले, "बाईला माझं नाव माहीत नव्हतं. आणि साहेब, तुमच्यावर माझा विश्वास होता."

बेटाकडून आजही सभ्य उत्तरं येतात. मात्र अध्यक्षांची इथली मालमत्ता जप्त झाली आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली इमारत उभी राहिली. या प्रकरणाने शिकवलं ते एवढंच: जो तपासात फार मदत करतो, त्याचाही तपास करावा, शक्यतो बाकरवडी संपण्याआधी.

परिचारिकाबाईंनी वास्तुशांतीला बोलावलं. निघताना त्यांनी नारळ पुढे केला, तर माझे हात आपोआप मागे गेले.

"घ्या हो साहेब," त्या म्हणाल्या. "मी बेटावर कधी गेलेले नाही."